ताटावरचं नाव

दसऱ्याच्या आधी माळा रिकामा करायचा हा आईकडून आलेला रिवाज. या वर्षीही आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई वरची भांडी एकेक करून घासत होत्या, मी दुसऱ्या शेगडीवर कुकर लावत होते. मध्येच नळाचा आवाज थांबला. "काकू, हे ताट कुणाचं हो? नाव तुमच्यातलं नाही वाटत." मी वळून पाहिलं. जुन्या काळचं जाड स्टीलचं ताट, एका बाजूला काठ जरा चेपलेला, आणि काठावर भांड्यांच्या दुकानात घालून देतात तसं टिंबाटिंबांचं नाव. ताईंनी ते अक्षर लावत वाचलं. ए-लि-या-हू. "हा कोण?" माझं अर्धं लक्ष शिट्टीकडे होतं. मी म्हटलं, "देव आहे त्यांच्यातला." ताईंनी काही विचारलं नाही. ओला हात पदराला पुसला, ताटाला लावला, मग कपाळाला लावला, आणि ताट फडक्यावर उपडं न ठेवता उताणं ठेवलं.

कुकर झाला, जेवणं झाली, ताई गेल्या. मला मात्र तो कपाळाला लावलेला हात दिवसभर सोडेना. कारण मी सांगितलं ते चूक होतं. नुसतं चूक नव्हे, त्या नावाच्या नेमकं उलटं होतं.

एलियाहू हा देव नाही, नबी आहे, आणि देव कोण नाही हे सांगण्यातच त्याचं आयुष्य गेलं. हे नाव म्हणजे एक अख्खं वाक्य आहे. 'एली' म्हणजे माझा देव. 'याहू' हा इस्रायलच्या देवाच्या नावाचा तुकडा. माझा देव तोच, असं ते नाव म्हणतं. ज्यू मंडळी ते पूर्ण नाव तोंडाने घेत नाहीत, प्रार्थनेतही त्याच्या जागी 'प्रभू' या अर्थाचा शब्द म्हणतात. पण माणसांच्या नावांत त्याचे तुकडे मागे राहिलेच. यशया, यिर्मया यांच्या शेवटी तोच तुकडा आहे. एरवी जे नाव उच्चारायला जीभ धजत नाही, त्याचा अंश आई मुलाला जेवायला हाक मारताना सहज बोलून जाते. आणि हेच दोन शब्द उलटे मांडले की होतं योएल, म्हणजे आपल्याकडे कितीतरी घरांत असतो तो जोएल. घटक तेच, फक्त जागा बदललेल्या.

ताट अलिबागचं आहे. माझं लहानपण तिथे गेलं, इस्रायल आळीपासून हाकेच्या अंतरावर. शेजारी एक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब होतं. मी तिथल्या बाईंना मावशी म्हणायचे, त्यांच्या सासऱ्यांना आजोबा. आजोबा कचेरीतून निवृत्त झालेले, उंच, किंचित वाकलेले, संध्याकाळी ओटीवर काळी टोपी घालून बसत. माझी आजी त्यांचा उल्लेख 'एलोजी' असा करायची. पोस्टमन दारात उभा राहून 'एलायजासाहेब' अशी हाक द्यायचा, कारण पाकिटावर इंग्रजीत तसं असायचं. आणि ताटावर होतं एलियाहू. मला कितीतरी वर्षं वाटत होतं की ही तीन वेगळी माणसं आहेत. एलोजी म्हणजे आजीच्या आठवणीतला कुणी म्हातारा, एलायजा म्हणजे ज्याला मनीऑर्डरी येतात तो, आणि एलियाहू म्हणजे त्यांच्या बाहेरच्या खोलीत तसबिरीत बसलेला, दाढीवाला, आगीच्या रथात, ज्याचे घोडेसुद्धा ज्वाळांचे आहेत तो. आमच्या घरात दत्ताची तसबीर होती तिच्याच आकाराची, तसाच सोनेरी काठ, तसाच एक हार. मोठी झाल्यावर कळलं की तिन्ही नावं एकट्या आजोबांची होती. आळीसाठी एक, साहेबासाठी एक, प्रार्थनेसाठी एक.

बेने इस्रायलांनी नावांचं हे काम कोकणात फार लोभस केलं आहे. अब्राहामचा अबाजी, शमुवेलचा सामाजी, मोशेचा मुसाजी, इसहाकचा इसाजी. पुढे गावाचं नाव लावून आडनाव: दिवेकर, केहिमकर, नवगावकर, अष्टमकर, पेणकर. सणांनाही त्यांनी घरची नावं ठेवली. नव्याचा सण, खिरीचा सण, उपासाच्या मोठ्या दिवसाला दारफाळणीचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या दिवशी वालाचं बिरडं करतात म्हणून तो बिरड्याचा सण. हजारो मैलांवरच्या, शतकांपूर्वीच्या दुःखाला मोड आलेल्या सोललेल्या वालांचं नाव देणारी माणसं मला फार जवळची वाटतात.

आणि माघाच्या सुमाराला, त्यांच्या शेबाट महिन्याच्या पौर्णिमेला, एलियाहू हनाबीचा उरूस. हा शब्द बघा. 'हनाबी' म्हणजे हिब्रूतलं 'तो नबी', आणि पुढे थेट 'उरूस'. अलिबागजवळच्या खंडाळ्यात (घाटातल्या नव्हे) एक खडक आहे. एलियाहूचा रथ तिथे उतरला आणि तिथूनच वर गेला, त्या चाकांच्या खुणा खडकावर उमटल्या, असं मानतात. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात जोडपी तेवढी वाचली, ही त्यांच्या मुळाची कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली. त्या कथेच्या कडेला हा नबी उभा असतो, किनाऱ्यावर पडलेल्या माणसांना धीर देणारा. धर्मग्रंथ नव्हते, धर्म शिकवणारे रब्बी नव्हते, हिब्रू जवळजवळ विसरून गेली होती. शनिवार, सुंता, 'शेमा' या प्रार्थनेची एक ओळ आणि खाण्यापिण्याचे काही नियम तेवढे उरले होते. आणि हा एक नबी. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आजोबांच्या वडिलांचा घाणा होता. आजी सांगायची, बैलाच्या डोळ्यांवरची झापड शुक्रवारी संध्याकाळी निघायची ती रविवारी सकाळी परत चढायची.

आजीचं सगळंच सांगायला हवं. ती तेल त्यांच्या घाण्याचं घ्यायची, त्याला दुसरं तेल येत नाही म्हणायची. पण त्यांच्या घरून ताट आलं की स्वतः त्यातलं खायची नाही. टाकायचीही नाही. "पोरांना द्या," म्हणायची आणि देवघराकडे वळायची. आजी मला प्रिय होती, आणि त्या वळण्याचं मला आजही वाईट वाटतं. दोन्ही खरं आहे.

ताट यायचं ते मलिद्याचं. भिजवलेले पोहे, त्यात ओला नारळ, साखर, वेलदोड्याची पूड, काजू-बदामाचे काप, मधोमध शीग केलेली, आणि भोवती केळ्याचे तुकडे, खजूर, हंगामाचं जे फळ असेल ते. घरात लग्न ठरलं, कुणी आजारातून उठलं, नवस फिटला, की मलिदा. आम्ही मुलं दारातून बघायचो. आजोबा हिब्रूत म्हणत, बाकीचे साथ धरत, आणि चालीतून मधूनमधून 'एलियाहू हनाबी' तेवढं ओळखू यायचं. एकेका फळावर निराळा आशीर्वाद म्हणायचा, झाडाचं वेगळं, जमिनीतलं वेगळं. मग मावशी ताट झाकून आमच्याकडे पाठवायच्या. त्या पोह्यांना नारळाच्या दुधाचा ओलसर वास असायचा आणि खजूर दाताखाली आला की आम्ही भावंडं बी कोण लांब थुंकतं याची पैज लावायचो.

त्या नबीची गोष्ट मी पुढे मराठी बायबलमध्ये वाचली. तिथे त्याचं नाव एलीया. अहाब राजाच्या दरबारात जाऊन तो सांगतो की मी म्हणेपर्यंत पाऊस पडणार नाही, आणि मग करीथ ओहोळाकाठी लपून राहतो. तिथे कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ खायला आणून देतात. या ओळीवर मी पुस्तक मिटून बसले होते. आपण कावळ्यासाठी घास ठेवतो, तो शिवला की सुटलो म्हणतो. शिवला नाही की गेलेल्याचं काय राहिलं असेल म्हणून सगळे एकमेकांकडे बघतात. इथे कावळाच घास घेऊन येतो, जिवंत, भुकेल्या माणसाकडे. ओहोळ आटल्यावर तो सारफथ गावी एका विधवेच्या दारात जातो. तिच्याकडे मूठभर पीठ आणि तळाशी थोडं तेल. शेवटची भाकरी करायची, मुलाने नि आपण खायची, मग मरायचं, असं ती सांगते. तो म्हणतो, आधी मला छोटी भाकरी कर. ती करते. आणि पाऊस येईपर्यंत तिचं मडकं रिकामं होत नाही, कुपीतलं तेल सरत नाही.

न सरणारं तेल. तेल गाळून पोट भरणाऱ्या लोकांनी सगळ्या नबींमधून हाच का जवळ केला असेल, याचं माझं उत्तर त्या कुपीत आहे. अभ्यासकांची उत्तरं वेगळी असतील. मला घाण्याच्या लाकडाला मुरलेला तेलाचा वास आठवतो आणि माझं उत्तर पटतं.

पावसाची गोष्टही कोकणातच कळावी अशी आहे. कर्मेल डोंगरावर बआल या दैवताचे साडेचारशे संदेष्टे एकीकडे आणि हा एकटा एकीकडे, खरा देव कोण हे ठरायचा तो प्रसंग होऊन गेल्यावर तो डोंगरमाथ्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसतो आणि चाकराला म्हणतो, समुद्राकडे बघून ये. काही नाही. परत जा. असं सहा वेळा. सातव्यांदा चाकर सांगतो, समुद्रातून माणसाच्या तळव्याएवढा ढग वर येतोय. जूनच्या पहिल्या आठवड्यात अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहून कुलाबा किल्ल्याच्या मागे तसा ढग शोधला नाही असं एकही वर्ष माझ्या लहानपणी गेलं नाही.

नाव मग फिरत राहिलं. ग्रीकांनी आपल्या पुरुषी नावांसारखा शेवटाला 'स' लावला, एलियास झालं. अरबीत इलियास, कुरआनात हा नबी याच नावाने येतो. आपल्या गल्लीत राहणारा इलियास आणि अलिबागचा एलोजी एकाच माणसावरून नाव घेतात, हे दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं. रशियात तो इल्या. तिथे जुन्या पंचांगाप्रमाणे २० जुलैला, आताच्या २ ऑगस्टला, त्याचा दिवस. ढग गडगडले की खेड्यातले लोक म्हणत, इल्याचा रथ चाललाय. फ्रेंचात एली, त्यावरून इंग्रजीत एलिस, एलियट अशी आडनावंसुद्धा. तुर्कस्तानात मे महिन्याच्या सुरुवातीला वसंताचा सण असतो, त्याचं नाव हिदिरेल्लेझ. हिजिर आणि इलियास ही दोन नावं बोलता बोलता एकमेकांत विरघळून झालेलं.

ही नावं घेतलेली माणसं मी गेले काही दिवस मनातल्या मनात जमवते आहे. बल्गेरियातल्या रुसे गावात १९०५ साली जन्मलेले लेखक एलियास कानेट्टी, ज्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. त्यांचं नाव त्यांच्या आजोबांचंच, जसं आपल्याकडे आजोबा नातवात परत येतात. इल्या इल्यिच मेच्निकोव्ह, म्हणजे बापही इल्या आणि मुलगाही. रक्तातल्या पेशी जंतूंना गिळतात हे त्यांनी दाखवलं, १९०८ चं नोबेल मिळालं, आणि पुढे ते आंबवलेल्या दुधाचे एवढे भक्त झाले की माणसाचं आयुष्य दह्याने वाढतं असं सांगत राहिले. रोज रात्री विरजण लावणाऱ्या माझ्या आईला हे इल्या फार आवडले असते.

पण माझं मन रेंगाळतं ते एलायजा मॅकॉय यांच्यापाशी. जन्म १८४४ चा, कॅनडात. आईवडील केंटकीतल्या गुलामीतून पळून तिथे पोचलेले. मुलाला त्यांनी एडिंबराला पाठवलं, तो यंत्रविद्या शिकून अमेरिकेत आला. पण कातडीचा रंग बघून रेल्वेने त्याला इंजिनियर म्हणून घेतलं नाही. काम दिलं ते भट्टीत कोळसा टाकायचं आणि इंजिनाच्या सांध्यांना तेल घालायचं. तेव्हा गाडी थोड्या थोड्या वेळाने थांबवावी लागे, तेलवाला उतरायचा, प्रत्येक सांध्यात तेल सोडायचा, मग गाडी पुढे. मॅकॉयनी ते काम केलं, आणि १८७२ साली पेटंट घेतलं ते इंजिन चालू असतानाच आपोआप तेल पाजणाऱ्या कुपीचं. गाडी थांबायला नको, तेल ठिबकत राहील. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी उठून स्वयंपाकघरात गेले, दिवा लावला, मांडणीवरचं ते ताट बघितलं आणि परत आले. त्या आईवडिलांनी मुलाचं नाव ठेवताना सारफथच्या विधवेची गोष्ट मनात धरली असेल का, हे मला खूप जाणून घ्यावंसं वाटतं. बायबल उशाशी ठेवून पळून आलेली माणसं असणार ती, असं आपलं मीच धरून चालते.

आता ताटाकडे यायला हवं.

शेजारचं कुटुंब इस्रायलला गेलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. त्या वर्षांत आळीतली घरं एकेक करून बंद होत होती. सामान विकलं जात होतं, पलंग, पाटे-वरवंटे, शिवणयंत्र. जाण्याच्या दोन दिवस आधी शेवटचा मलिदा झाला. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. मावशींनी नेहमीसारखं ताट पाठवलं, हेच ताट. आणि आमच्याकडे, तुमच्याकडेही असेल, आलेलं ताट रिकामं परत धाडत नाहीत. एरवी आई मूठभर साखर घालून द्यायची. पण ही शेवटची परतफेड, तिला नुसती साखर बरी वाटेना. ती म्हणाली, नारळाच्या वड्या करते. दोन दिवस काही ना काही निघालं, आणि नारळ खवले गेले ते जायच्या दिवशी पहाटे. पाक जमला, आईने त्यांच्याच ताटाला तूप लावून त्यात वड्या थापल्या, सुरीने चौकोन पाडले, वरून जाळीचा रुमाल टाकला आणि माझ्या हातात दिलं. "पळ. गाडी सातची आहे."

ताट गरम होतं. मी ते फ्रॉकच्या घेरात धरून नेलं. त्यांच्या दाराला कुलूप होतं. चौकटीच्या उजव्या बाजूला, मेझुझा, म्हणजे ज्यू घरांच्या दाराला लावतात ती प्रार्थनेच्या ओळींची डबी, काढून घेतलेल्या जागी, लाकडाची एक फिकट तिरकी पट्टी तेवढी राहिली होती. आजोबा घरात शिरताना तिथे बोटं टेकवून ओठांना लावायचे. ओटीवर त्यांची खुर्ची तशीच होती. मी किती वेळ उभी होते आठवत नाही, पाकाचा वास आठवतो. घरी आल्यावर आई काही बोलली नाही. आजीने मात्र त्या दिवशी पहिल्यांदा त्या ताटातली एक वडी उचलली आणि खाल्ली.

बाकीच्या वड्या आम्ही भावंडांनी संपवल्या. ताट धुऊन माळ्यावर गेलं. आईने ते कधी वापरलं नाही आणि कधी मोडीतही घातलं नाही. अलिबागहून आम्ही ठाण्याला आलो, तेव्हा पितळी घागरी विकल्या, हे ताट आलं. आजही ते तिरकं धरलं की आतल्या बाजूला सुरीच्या आडव्या-उभ्या रेघा दिसतात.

त्यांच्या ओटीवर राहिलेली ती खुर्ची आठवली की दुसरी एक खुर्ची आठवते. मुलाची सुंता होते तेव्हा ज्यू लोक एक खुर्ची एलियाहूसाठी मोकळी ठेवतात. मुंबईच्या सिनेगॉगांतून ती बघायला मिळते, मखमल घातलेली. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या, रात्री त्याच्यासाठी द्राक्षरसाचा एक पेला भरून ठेवायचा आणि दार उघडायचं. त्या रात्रीची पोथी, हग्गादा, पुण्यात १८७४ साली मराठी अर्थासह, चित्रांसह छापली होती, त्यात बायका पीठ मळताना, पोळ्या लाटताना दिसतात. इस्रायलमध्ये गेलेली आपली ही माणसं हैफाला कर्मेल डोंगराच्या पायथ्याशी एलियाहूची गुहा आहे, तिथे जाऊन मलिदा करतात. पोहे, नारळ, खजूर. खंडाळ्याचा खडक सुटला, पण ज्या डोंगरावरून तळव्याएवढा ढग दिसला होता तोच पायाशी आला. तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी काढलं. आजोबा तिथे किती वर्षं जगले, त्यांना तिथे कुणी एलोजी म्हणून हाक मारली का, हे विचारायला आता माझ्याकडे कुणाचा पत्ता नाही.

चार दिवसांनी मी ताईंना थांबवलं. म्हटलं, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. तो देव नव्हे. आमच्या शेजारच्या आजोबांचं नाव ते, त्यांच्या एका नबीवरून ठेवलेलं. नबी म्हणजे देवाचा निरोप आणणारा. ताईंनी विचारलं, "आणि नावाचा अर्थ?" मी म्हटलं, "माझा देव तोच." त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. "चांगलंय," म्हणाल्या, "कुणालाही चालेल."

मग त्यांनी वड्यांची सगळी हकिगत ऐकून घेतली, ओट्याला टेकून, हातातलं फडकं तसंच. रविवारी त्यांच्या नातवाचं बारसं होतं. मी शनिवारी दोन नारळ आणले. खवताना मनात काही ठरवलेलं नव्हतं, पण थापायची वेळ आली तेव्हा ताट हेच घेतलं. सुरी आईच्या रेघांवरून जावी म्हणून प्रयत्न केला, जमलं नाही, माझे चौकोन मोठे पडले. ताई ताट पिशवीत घालून, दोन्ही हातांनी धरून घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "काकू, मोकळं नाही आणायची हां."

त्याला आता बारा दिवस झाले. बारसं छान झालं, फोटो दाखवले. ताट अजून आलेलं नाही. रोज त्या आल्या की माझी नजर आधी त्यांच्या हाताकडे जाते. विचारलं मात्र नाही.